मंगळवारचा डेस्कटॉप, शुक्रवारचा डेस्कटॉप

शुक्रवारी तीनच्या चहाला रेम्ट यायचा, म्हणून तोम्मा त्याआधीच सगळं उरकून ठेवायची. किटली चढवायची, केक कापायचा, आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायचा. सुरू होताना पासवर्डच्या पडद्यावर एका कोपऱ्यात बारीकसं दातेरी चाक दिसे. त्यावर टिचकी मारली की दोन नावं खाली उतरत. शुक्रवारी त्यातलं दुसरं निवडायचं. मग खालची पट्टी वर जायची, बटणं नाहीशी व्हायची आणि पडदा धुऊन काढल्यासारखा रिकामा दिसायचा. मंगळवारी मात्र पहिलं नाव निवडायचं, कारण मंगळवारी हाब्बो यायचा आणि हाब्बोला भरलेला पडदा लागायचा.

सत्तरी उलटेपर्यंत तोम्माला खोटं बोलण्याची फारशी वेळ आली नव्हती. लेअर गावात कालव्याच्या कडेला तिचं घर, गावात सगळे ओळखीचे, खोटं बोलून पचणार तरी कुठे? पण गेले काही महिने ती आठवड्यातून दोनदा खोटं बोलत होती आणि तेही लिनक्सबद्दल, ज्यातलं तिला काही कळत नव्हतं.

सुरुवात साधीच झाली होती. नवरा गेल्यानंतर त्याचा लॅपटॉप तोम्मा वापरू लागली. सकाळी पेपरमधल्या निधनवार्ता वाचायच्या, वाऱ्याचा अंदाज बघायचा, दुपारी पत्त्यांचा एक डाव लावायचा, एवढंच. पण लॅपटॉपवरची प्रणाली जुनी झाली होती आणि नवी घ्यायची तर लॅपटॉपच नवा घ्यावा लागेल, असा इशारा पडद्यावर रोज येऊ लागला. तेव्हा तोम्मा तो काखेत मारून चर्चच्या सभागृहात गेली. तिथे महिन्यातून एकदा दुरुस्तीचा मेळा भरे. लोक बंद पडलेले टोस्टर, दिवे, शिवणयंत्रं घेऊन येत, निवृत्त मंडळी ती फुकट दुरुस्त करून देत, आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळे केक खात बसत.

संगणकांची दोन टेबलं होती. एकावर हाब्बो फ्रेरिक्स, ज्याने जन्मभर जहाजांच्या वायरिंगचे नकाशे काढले होते. दुसऱ्यावर रेम्ट पोप्पिंगा, गणिताचा निवृत्त मास्तर. दोघांच्या मध्ये केकचं लांबलचक टेबल. हे टेबल तिथे मुद्दाम आणून ठेवलेलं होतं, कारण दोघांमधून विस्तव जात नव्हता.

भांडणाचं मूळ होतं डेस्कटॉप. जुन्या लॅपटॉपवर दोघेही लिनक्स नावाची प्रणाली बसवत. लिनक्सची गंमत अशी, की ते फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर सुरेख चालतं, पण त्याचा चेहरा मात्र आपला आपण निवडायचा. पट्टी वर की खाली, बटणं किती, मेनू कसा उघडायचा, हे सगळं ज्यात येतं तो डेस्कटॉप. असे डेस्कटॉप डझनभर, आणि प्रत्येकाचे भक्त वेगळे. हाब्बो केडीईचा. जे जे फिरवता, सरकवता, रंगवता येईल ते सगळं समोर हवं, हे त्याचं म्हणणं. त्याच्या जाकिटालाही गरजेपेक्षा जास्त खिसे होते. रेम्ट ग्नोमचा. नको ते दिसूच नये, हे त्याचं म्हणणं, आणि नको ते बोलूही नये, अशी त्याची एकंदर वागणूक.

तीन वर्षांपूर्वी मेळ्याच्या स्वतःच्या संगणकावर कोणता डेस्कटॉप बसवायचा यावरून दोघांची जुंपली. तिशीपासूनची दोस्ती. हिवाळ्यात रस्त्यावर लाकडी गोळे फेकण्याच्या सामन्यात दोघे एकाच संघातून खेळलेले, एकमेकांच्या पोरांची लग्नं केलेली. ते भांडले आणि ‘अरे-तुरे’वरून ‘अहो-जाहो’वर गेले. त्या मुलुखात असं होत नाही. घटस्फोट घेतलेली नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना ‘तू’च म्हणतात. पण हे दोघे गेले ते गेलेच.

त्या शनिवारी तोम्मा सभागृहात शिरली तेव्हा हाब्बोचं टेबल दाराजवळ होतं, एवढ्याच कारणावरून तिच्या लॅपटॉपवर केडीई बसला. छपाईयंत्र जोडायला हाब्बो मंगळवारी घरी आला आणि त्याने पट्टी कशी हलवायची, पडद्यावरच्या खिडकीला सावली कशी द्यायची, त्या सावलीचा रंग कसा बदलायचा, सगळं दाखवलं. तोम्माला सावली नको होती. पण घरात इतका वेळ कुणाचा तरी आवाज चालू होता, याचंच तिला फार बरं वाटलं.

शुक्रवारी रेम्ट दारात उभा.

“एलर्टच्या लॅपटॉपवर फ्रेरिक्सने केडीई घातलं म्हणे,” तो म्हणाला. एलर्ट म्हणजे तोम्माचा नवरा. “बेकरीत कळलं.”

“हो. बरं चाललंय.”

“मला बदलता येईल.”

इथे ‘नको’ म्हणायला हवं होतं. पण ‘नको’ म्हटलं की रेम्ट टोपी घालून निघून जाणार आणि दार लावल्यावर पुन्हा घड्याळाची टिकटिक ऐकत बसायचं, हे तोम्माला दिसत होतं. ती म्हणाली, “बघू.”

रेम्टने त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला आणि कोट काढून खुंटीला लावला. निघताना विचारलं, “त्याचं ते जुनं काढून टाकू?”

“मी काढते की,” तोम्मा म्हणाली. कसं काढतात याची तिला सुतराम कल्पना नव्हती.

पुढच्या मंगळवारी हाब्बोने लॅपटॉप उघडण्याआधीच विचारलं, “कुणी हात तर नाही ना लावला?”

“कोण लावणार,” तोम्मा म्हणाली. हे खोटं नव्हे, नुसता प्रश्न आहे, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग ते चाकाचं तंत्र तिने शिकून घेतलं आणि गाडी रुळावर आली. मंगळवारी हाब्बो, त्याच्यासाठी खसखशीचा केक. शुक्रवारी रेम्ट, त्याला सफरचंदाचा. पण दोन डेस्कटॉप एका घरात नांदायला लागले की एकाच्या वस्तू दुसऱ्याच्या दारात सापडायला लागतात.

“तुझ्या मेनूत दोन कॅल्क्युलेटर आहेत,” एका शुक्रवारी रेम्ट म्हणाला.

“एकाने केलेलं दुसऱ्यावर पडताळून बघते,” ती म्हणाली.

रेम्टने चष्मा कपाळावर सारला. “चाळीस वर्षं शिकवलं,” तो म्हणाला. “एकाही पोराने असं केलं नाही.” आणि त्याने केकचा दुसरा तुकडा मागून घेतला. तोम्माचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी हाब्बोला पडद्यावर स्वतः लावलेल्या दीपगृहाच्या चित्राऐवजी नुसता राखाडी रंग दिसला.

“दीपगृह कुठे गेलं?”

तोम्माने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कालव्यावर धुकं दाटलेलं होतं. “हवेप्रमाणे बदलतं वाटतं,” ती म्हणाली.

“असं आपोआप नाही बदलत. तशी सोय बसवावी लागते.” हाब्बोचे डोळे चमकले. “थांब, बसवून देतो.”

त्या दिवसापासून तोम्माच्या लॅपटॉपवर पाऊस असला की पावसाचं चित्र येई आणि ऊन असलं की उन्हाचं. लेअरमध्ये ऊन क्वचितच पडत असल्यामुळे ते चित्र कसं होतं हे तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ही सोय मात्र शुक्रवारी बंद करून ठेवावी लागे, म्हणजे कामात आणखी एका कामाची भर.

एकदा रेम्ट चष्मा विसरून गेला. मंगळवारी हाब्बोने तो टेबलावरून उचलला, डोळ्यांना लावला, काढला आणि काही न बोलता जागेवर ठेवला. तोम्मा घाईघाईने म्हणाली, “एलर्टचा जुना. आवरताना सापडला.” हाब्बो म्हणाला, “एलर्टला चष्मा होता?” तोम्मा म्हणाली, “शेवटी शेवटी.” दिवंगत नवऱ्यालाही या भानगडीत ओढल्याचं तिला वाईट वाटलं, आणि तो असता तर खो खो हसला असता, असंही वाटलं.

समोरच्या घरात फ्राउके राहायची. तिच्या खिडकीला पडदे नव्हते आणि तिला कामंही फारशी नव्हती.

“तुझ्याकडे मंगळवारी काळी सायकल असते आणि शुक्रवारी हिरवी,” एकदा तिने रस्त्यातच गाठलं.

“डेस्कटॉप बसवायला येतात.”

“दोघंही?”

“दोन डेस्कटॉप आहेत.”

“आमच्या आईच्या वेळी याला वेगळं नाव होतं,” फ्राउके म्हणाली आणि पाव आणायला गेली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग एका गुरुवारी सकाळी निधनवार्ता वाचायला म्हणून तोम्माने लॅपटॉप उघडला, तर पासवर्डचा पडदाच येईना. काळ्याकुट्ट पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत होत्या. त्या थांबायच्या, पडदा लुकलुकायचा, पुन्हा त्याच ओळी. तोम्माने बटण दाबून बंद केला, दहा मिनिटं उबदार स्वयंपाकघरात ठेवला, पुन्हा चालू केला. ओळी आपल्या धावतच होत्या.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. हाब्बोला बोलावलं तर त्याला रेम्टचा डेस्कटॉप दिसणार. रेम्टला बोलावलं तर हाब्बोचा. पितळ उघडं पडणार हे नक्की. ज्याला कळेल तो पुन्हा येणार नाही. तो येणार नाही म्हटल्यावर दुसऱ्यालाही कारण कळणार, मग तोही नाही. म्हणजे मंगळवार गेला आणि शुक्रवारही गेला, आणि उरलेले वार तर आधीपासून रिकामेच होते.

त्यातल्या त्यात हाब्बो बोलका, बोलून मोकळा होईल, असा विचार करून तिने त्याला फोन लावला. उचलला नाही. तिने निरोप ठेवला, “मंगळवारपर्यंत थांबण्यासारखं नाही. येऊन जा.” बराच वेळ झाला तरी हाब्बोचा पत्ता नाही. ओळी धावतच होत्या. शेवटी न राहवून तिने रेम्टला फोन केला. त्यानेही उचलला नाही. “शुक्रवारपर्यंत थांबण्यासारखं नाही,” ती यंत्राला म्हणाली.

तीनच्या सुमारास काळी सायकल कालव्याच्या डाव्या बाजूने आली आणि हिरवी उजव्या बाजूने. दोन्ही एकाच वेळी फाटकाशी थांबल्या. तोम्मा खिडकीतून बघत होती. समोर फ्राउकेही खिडकीत येऊन उभी राहिली, हेही तिने बघितलं.

“मोईन,” हाब्बो म्हणाला.

“मोईन,” रेम्ट म्हणाला.

या नमस्कारापलीकडे दोघांकडे शब्द नव्हते. पण चहाची वेळ झालेली, आणि त्या भागात दारात आलेल्याला तीन कप चहा पाजल्याशिवाय कोणी परत धाडत नाही, आणि पाहुणाही तीन कप घेतल्याशिवाय उठत नाही. मग तो पाहुणा शत्रूच्या शेजारी का बसलेला असेना. तोम्माने खडीसाखर घातली, वर चहा ओतला, खडीसाखर तडतडली, साय सोडली. पुरे झालं की कपात चमचा उभा करून ठेवायचा, नाहीतर यजमानीण ओतत राहणार. आधी चमचा ठेवून उठायचं कोणी, हा दोघांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. कुणीच ठेवेना. तोम्मा ओतत राहिली. पाचवा कप झाला.

“लॅपटॉप आहे ना?” शेवटी रेम्ट म्हणाला.

तोम्माने तो मधे आणून ठेवला आणि उघडला. दोघेही पुढे वाकले. पांढऱ्या ओळी धावत होत्या. दोघांनी त्या वाचल्या आणि दोघेही हळूहळू मागे टेकले. आता काही लपून राहणार नव्हतं.

“माझंच चुकलं,” तोम्मा म्हणाली. एकदा सुरू केल्यावर ती थांबली नाही. “मी दोघांशी खोटं बोलले. रेम्ट, हाब्बोचं मी काढलंच नाही. हाब्बो, रेम्ट दर शुक्रवारी येतो. तो चष्मा त्याचा होता. मला डेस्कटॉपमधलं काही कळत नाही, मला दोन्ही सारखेच. मला एवढंच कळत होतं, की एकाला हो म्हटलं तर दुसरा यायचा थांबेल.”

रेम्टने चष्मा काढून पुसला. हाब्बोने एका खिशातून रुमाल काढला आणि दुसऱ्या खिशात ठेवला.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,” हाब्बो म्हणाला.

“मला कॅल्क्युलेटरवरून,” रेम्ट म्हणाला.

तोम्मा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. “मग बोलला का नाहीत?”

हाब्बो खाकरला. “बोललो असतो तर यायला कारण काय राहिलं असतं? मंगळवारी माझ्याकडेही दुसरं काही नसतं.”

“शुक्रवार बरा जातो,” रेम्ट म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषण होतं.

तोम्माला एकदम मोकळं वाटलं. इतके महिने उरावर घेतलेला धोंडा आपण उगीचच घेतला होता, हे कळून तिला रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं. “मग हे बिघडलं कशाने?” तिने विचारलं. “मी तर कशाला हात लावला नाही.”

यावर दोघेही एकाच वेळी मंगळवारच्या उरलेल्या केककडे बघायला लागले.

“पासवर्ड विचारणारा जो असतो ना,” हाब्बो म्हणाला, “तो एक दरवान समज. माझ्या डेस्कटॉपचा दरवान वेगळा, यांचा वेगळा. एका वेळी दारात एकच उभा राहतो. तर एका मंगळवारी मी पाहिलं, की श्रीयुत पोप्पिंगांनी माझ्या दरवानाला हटवून आपला उभा केलाय. मी माझा परत उभा केला.”

“मी शुक्रवारी माझा,” रेम्ट म्हणाला.

“मी मंगळवारी माझा. दर आठवड्याला.”

पासवर्डचा पडदा कधी निळा असतो, कधी राखाडी, हे तोम्माच्या लक्षात आलं होतं. लिनक्सला मूड असतील, असं तिला वाटलं होतं.

“आणि गेल्या मंगळवारी,” हाब्बो पुढे म्हणाला, “मी माझ्या दरवानाला सांगून ठेवलं, की काही झालं तरी हटायचं नाही.”

“मी त्याआधीच्या शुक्रवारी माझ्या दरवानाला तेच सांगितलं होतं,” रेम्ट म्हणाला.

म्हणजे दोघं एकमेकांशी शब्द बोलत नव्हते, पण तोम्माच्या लॅपटॉपमधून कित्येक महिने रीतसर भांडत होते. काल रात्री लॅपटॉपने स्वतःला अद्ययावत करून घेतलं, सकाळी दोन्ही दरवान एकदम दारात उभे राहिले, आणि दोघंही हटेनात म्हणून कोणालाच आत जाता येईना.

“आधी माझा काढू,” रेम्ट म्हणाला आणि त्याने लॅपटॉप ओढून घेतला. टकटक करून काही लिहिलं.

“तिथे नको,” हाब्बो म्हणाला. “खालच्या ओळीत. अरे खाली, खाली. तुला दिसत नाही का गाढवा?”

रेम्टची बोटं थांबली. हाब्बो लाल झाला.

“चष्मा बदलायला झालाय,” रेम्ट म्हणाला. “तू वाच, मी लिहितो.”

मग एकाने वाचलं आणि दुसऱ्याने लिहिलं. मधेच दोघे तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सामन्यातल्या फेकीवरून हसले. तोम्मा चहा ओतत राहिली. थोड्या वेळाने पासवर्डचा पडदा निमूटपणे उभा राहिला. दरवान हाब्बोचा ठेवला, आत डेस्कटॉप दोन्ही ठेवले, असा तह झाला. दोघांनी कपात चमचे उभे केले आणि समाधानाने हात चोळले.

“मी काय म्हणतो,” हाब्बो म्हणाला, “आता दोघांनी वेगवेगळं कशाला यायचं? एकदाच येत जाऊ. बुधवारी.”

“बरोबर,” रेम्ट म्हणाला. “एकच फेरी.”

दोघेही तोम्माकडे बघून हसले, जणू तिच्यावर मोठी मेहेरबानी करत होते. तोम्माही हसली, पण तिच्या मनात हिशेब झाला. खोटं पचलं, भांडण मिटलं, लॅपटॉप सुरू झाला, सगळं झालं, आणि दोन वारांचा एक वार झाला. शिवाय लॅपटॉप नीट चालत राहिला तर तो एक वारही कितीसा टिकणार?

दोघे कोट घालायला उठले. तोम्माने कप गोळा करायला घेतले आणि अगदी सहज, सायीचं भांडं झाकता झाकता म्हणाली, “रेम्ट, एक विचारायचं राहून जातं. तुझ्या डेस्कटॉपवर खिडकी खाली दडवायचं बटणच नाही. ते का रे?”

हाब्बोचा एक हात कोटाच्या बाहीत तसाच राहिला. “हेच,” तो म्हणाला. “हेच मी तीन वर्षं विचारतोय.”

“लागतच नाही ते,” रेम्ट म्हणाला.

“लागत नाही? सगळ्या जगाला लागतं आणि तुलाच लागत नाही?”

“दडवायची असेल तर उघडायची कशाला?”

“ऐकलंस, तोम्मा? हा माणूस मुलांना शिकवत होता.”

“तुझ्या डेस्कटॉपवर ते बटण तीन ठिकाणी आहे,” रेम्ट म्हणाला. “आणि तिन्ही ठिकाणी सापडत नाही.”

“सापडत नाही? तोम्मा, मंगळवारी मी येतो, तुला नीट दाखवतो. शांतपणे. हा नसताना.”

“शुक्रवारी मी येतो,” रेम्ट म्हणाला. “म्हणजे मंगळवारचं सगळं निस्तरता येईल.”

“आणि बुधवार?” तोम्माने विचारलं.

“बुधवारी यायचंच,” हाब्बो म्हणाला. “बुधवारी मी याला दाखवणार आहे.”

दोघे सायकली हातात धरून कालव्याच्या एकाच बाजूने चालत निघाले. हाब्बोचे हात हवेत फिरत होते, म्हणून त्याची सायकलही रेम्टलाच धरावी लागली होती. ‘गाढव’ हा शब्द फाटकापर्यंत दोनदा ऐकू आला, एकदा एकाच्या तोंडून आणि एकदा दुसऱ्याच्या. समोर फ्राउके खिडकीतच होती. तोम्माने तिला हात केला.

मग तिने लॅपटॉप मिटून ठेवला. ते बटण असलं काय आणि नसलं काय, तिला काडीचा फरक पडत नव्हता. उद्या शुक्रवार होता, आणि घरात एकही सफरचंद नव्हतं. तिने पिशवी घेतली आणि दुकान बंद व्हायच्या आत निघाली.